आडात तेल, पोहऱ्यात पाणी नाही

नळाला पाणी कोणत्या वारी येणार हे सोलापुरातल्या प्रत्येक घराला पाठ असतं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, उजनीपासून शंभर किलोमीटरहून लांबून आणलेली जलवाहिनी, ती कुठे फुटली तर कोणत्या पेठेला झळ बसेल याचा हिशेब, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलं आहे. म्हणूनच अझरबैजानमधला अबशेरोन हा भूभाग सोलापूरकराला इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. त्याच्याबद्दल लिहिणारे तेलापासून सुरुवात करतात आणि तेलापाशीच थांबतात. त्या जमिनीचा स्वभाव घडला तो दोन उणिवांतून. तिथे प्यायला गोडं पाणी नव्हतं आणि तेल बाहेर न्यायला वाट नव्हती.

नकाशावर काकेशसची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत येते आणि कॅस्पियनच्या पश्चिम काठाशी संपते. संपताना ती समुद्रात चोचीसारखी घुसते. ती चोच म्हणजे अबशेरोन द्वीपकल्प. लांबी सुमारे ६० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ३० किलोमीटर. टोकाला वाळूची एक बारीक जीभ आहे, तिचं नावच शाह दिली, म्हणजे शाहची जीभ. तिच्यापलीकडे डोंगररांग पाण्याखालून पुढे जाते आणि पिराल्लाही, चिलोव्ह अशा बेटांच्या रूपाने मधूनमधून डोकं वर काढते. दक्षिण बाजूला अर्धवर्तुळाकार उपसागर आहे, त्याच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बाकू शहर बसलं आहे. कॅस्पियनची पातळी महासागराच्या पातळीपेक्षा सुमारे २९ मीटर खाली, त्यामुळे जगातल्या राजधान्यांत सगळ्यांत खालची राजधानी बाकू. पाऊस वर्षाला साधारण २०० मिलिमीटर. आपण स्वतःला दुष्काळी म्हणतो, पण आपल्याकडे याच्या दुपटीहून जास्त पडतो.

जमीन सपाट, पिवळट, चुनखडीची. खोलगट भागात खारी तळी. बोयुकशोर हे त्यांतलं मोठं, आणि मसाझिरचं पाणी उन्हाळ्यात गुलाबी दिसतं, कारण अतिखाऱ्या पाण्यात तगणारे सूक्ष्मजीव लाल रंगद्रव्य तयार करतात. तिथे अजूनही मीठ काढतात. कायमस्वरूपी वाहणारी मोठी नदी एकही नाही. समुद्राचं पाणी महासागराच्या एक तृतीयांश खारट, म्हणजे पिण्याजोगं नाहीच, आणि शेतीलाही नाही.

आता तेल इथेच का? काही दशलक्ष वर्षांपूर्वी आजच्या व्होल्गाची पूर्वज नदी पार इथवर येत होती आणि तिचा त्रिभुज प्रदेश या भागात होता. तिने वाळू आणि गाळ आणून थरावर थर टाकले. दक्षिण कॅस्पियनचा तळ झपाट्याने खचत गेला, त्यामुळे गाळ साचायला जागा मिळत राहिली. काही ठिकाणी त्याची जाडी वीस किलोमीटरच्या वर जाते. खालच्या जुन्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या चिखलथरांत उष्णतेने तेल आणि वायू तयार झाले आणि वरच्या वाळूच्या थरांत चढले. मग काकेशसच्या रेट्याने हे थर दुमडले. दुमडलेला थर पालथ्या परातीसारखा झाला की तेल वर चढता चढता परातीखाली अडकतं. आणि अबशेरोनच्या परातींना तडे आहेत. त्या तड्यांतून तेल वर झिरपतं, वायू सुटतो, कुठे थंड चिखलाचे ज्वालामुखी बुडबुडतात. म्हणून इथल्या माणसाला तेलाचा शोध लावावा लागला नाही. ते पायाखाली होतंच.

या झिरपणाऱ्या तेलापासून सुरुवात केली की पुढचं समजतं. तेल उघड्यावर आलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेला काळा चिकट भाग मातीत मुरून घट्ट होतो. त्याला तिथे किर म्हणतात. अबशेरोनच्या गावांत घरं चुनखडीच्या दगडाची आणि छपरं सपाट. त्या छपरांवर किर वितळवून, वाळू मिसळून पसरायचे. आपल्या जुन्या पेठांतली माळवदं आठवा: तुळया, किलच्या, त्यावर चिकणमाती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, दर पावसाळ्यापूर्वी फिरवायचा. तोच प्रश्न, तेच उत्तर, फक्त माती वेगळी. खोडही सारखीच. किर उन्हाळ्यात मऊ पडतो, थंडीत तडकतो, आणि गळती बहुधा छप्पर आणि कठडा जिथे भेटतात त्या सांध्यातच सुरू होते. दुरुस्ती म्हणजे जुन्यावर नवा थर. असे थर चढत गेले की छपराचं ओझं वाढतं आणि खालच्या लाकडाला बाक येतो.

तेल काढण्याची जुनी पद्धत तर मोटेचीच. हाताने खणलेली विहीर, कड ढासळू नये म्हणून आतून लाकडाचं अस्तर, वर रहाट, आणि कातड्याची पिशवी. उथळ विहिरीवर माणूस रहाट फिरवायचा, खोल विहिरीवर घोडा दोर ओढायचा. आपल्याकडे बैल धावेवरून खाली उतरले की नाडा ताणला जातो, मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. इथे थारोळ्याच्या जागी दगडाने बांधलेला खड्डा आणि त्यात तेल. बालाखानी गावात १५९४ सालचा एक शिलालेख सापडला, त्यावर विहीर खणणाऱ्या अल्लायार नावाच्या कारागिराची नोंद आहे. ती विहीर ३५ मीटर खोल होती. पाण्याच्या विहिरीत खणणाऱ्याला भीती दरड कोसळण्याची असते. तेलाच्या विहिरीत त्याहून मोठी भीती वायूची. तो हवेपेक्षा जड असला तर तळाशी साचतो, माणसाला गुंगी येते आणि ओरडायलाही सुचत नाही. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असायचा आणि वरच्याने त्याच्या हालचालीवर लक्ष ठेवायचं. दोर हलेनासा झाला की विचारायचं नाही, ओढायचं. आजही आपल्या गावांत जुनी विहीर किंवा मलकुंड साफ करायला उतरताना हाच नियम जीव वाचवतो आणि तोच पाळला जात नाही.

सुराखानीला वायू आपोआप पेट घेऊन जळत असे. तिथे १७ व्या-१८ व्या शतकांत आतेशगाह हे अग्निस्थान उभं राहिलं: पंचकोनी आवार, कडेने खोल्या आणि मध्यभागी चार खांबांवरचा घुमट, त्याखाली ज्योत. या आवारात देवनागरीतले शिलालेख आहेत. सुरुवात ‘श्री गणेशाय नमः’, आणि एका लेखात संवत १८६६ चा, म्हणजे इसवी सन १८०९-१० चा उल्लेख. ज्योतीला त्यांनी ज्वालाजी म्हटलं आहे, कांगड्याच्या ज्वालामुखी देवीचं नाव सोबत घेऊन. हे लोक म्हणजे मुलतान-पंजाबकडचे व्यापारी आणि त्यांच्या मागोमाग आलेले संन्यासी; बाकूच्या तटबंदीतल्या जुन्या शहरात मुलतानी सराई आजही त्याच नावाने उभी आहे. गुरुमुखीतले लेखही आहेत आणि एक फारसीतला. मराठी माणसाला तिथे उभं राहून अक्षरं वाचता येतात, ही गोष्ट साधी नाही.

उलट दिशेचा दुवा तर आपल्या दारातून जातो. १५ व्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी बाकूवरून गेला, तिथे न विझणारा अग्नी जळतो अशी नोंद त्याने केली, आणि पुढे इराणमार्गे होर्मुझला जाऊन चौलला उतरला. जुन्नर, मग बहमनींची राजधानी बिदर. बिदरच्या भागातल्या आळंदच्या जत्रेतल्या घोड्यांच्या बाजाराबद्दलही त्याने लिहून ठेवलं आहे. हे आळंद सोलापूरहून अक्कलकोटवरून पुढे गेलं की लागतं.

पण ज्वालाजीची ज्योत कायमची राहिली नाही. भोवतालच्या तेलक्षेत्रातून वायू उपसला जात राहिला, खालचा दाब घटत गेला आणि १९६९ मध्ये नैसर्गिक ज्योत विझली. आज तिथे जळतो तो नळाने आणलेला वायू आहे. जाणाऱ्याने हे माहीत असूनच जावं. खरी, जमिनीतून येणारी आग पाहायची तर मुहम्मदली गावाजवळच्या यानार दाग या टेकडीपाशी. पायथ्याच्या वालुकाश्माच्या तड्यातून साधारण दहा मीटर लांबीची ज्वाळांची रांग दिवसरात्र जळते. पावसातही विझत नाही, कारण ती वायूच्या सततच्या पुरवठ्यावर जळते, वरच्या कशावर नाही.

आता यंत्रयुग. बाकूजवळच्या बीबी-हेयबतला १८४६ च्या सुमारास रशियन सरकारच्या कामात पहार आपटून २१ मीटर खोल भोक पाडलं गेलं, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या प्रसिद्ध तेलविहिरीच्या दहा-बारा वर्षं आधी. त्यातून लगेच क्रांती झाली नाही, आणि कारण तांत्रिक नव्हतं. तेलजमीन मक्त्याने दिली जायची, मक्ता चार वर्षांचा. चार वर्षांत हात धुऊन घ्यायचे असतील तर कोण खोल भोक पाडेल? १८७२ मध्ये मक्ता बंद झाला, तुकड्यांचा लिलाव झाला, आणि मग बालाखानी, साबुंची, रमना, बीबी-हेयबत इथे लाकडी मनोऱ्यांचं रान उभं राहिलं. १९०१ पर्यंत वर्षाला सुमारे ११ दशलक्ष टन, म्हणजे जगातल्या निम्म्याहून अधिक तेल, या एवढ्याशा चोचीतून निघत होतं.

या विहिरींची एक खासियत नीट समजून घेण्यासारखी आहे. अबशेरोनची वाळू सैल. तेलाबरोबर ती वर येते. पंपाच्या झडपांवर ती पॉलिश पेपरासारखी काम करते, झडप बसेनाशी होते, पंप निकामी. म्हणून इथे पंपाऐवजी पोहरा वापरत. तिथला शब्द झेलोन्का. ही लोखंडी पत्र्याची काही मीटर लांब, उभी नळी. तळाला झडप, झडपेची दांडी खाली डोकावणारी. वाफेच्या इंजिनाने पोहरा विहिरीत सोडायचा, तेलात बुडाला की झडप आपोआप उघडून आत तेल भरतं, वर ओढताना त्याच्याच वजनाने झडप मिटते. वर आणून हौदाच्या तळावर टेकवला की दांडी दाबली जाते, झडप उघडते, तेल-वाळू-पाणी सगळं बाहेर. मग पुन्हा खाली. रात्रंदिवस. यामुळे विहिरीचं भोक रुंद ठेवावं लागे, लोखंडी अस्तराच्या नळ्या एकात एक घालत खाली न्याव्या लागत, आणि खर्च वाढे. खोल पंप आणि फिरत्या पात्याचं ड्रिलिंग इथे जोमाने आलं ते १९२० च्या दशकात. तोवर ही लोखंडी मोटच चालू होती.

आणि कधी पोहऱ्याची गरजच नसे. वायूच्या दाबाने तेल आपण होऊन उसळायचं. हे कारंजं बाहेरच्याला भाग्य वाटतं, मालकाला मात्र अनेकदा बुडवायचं. १८८३ मध्ये बालाखानीला द्रुझबा नावाच्या विहिरीचं कारंजं सुटलं. तोंड बंद करता येईना. तेलाबरोबर आलेल्या वाळूने शेजारची घरं आणि विहिरी पुरल्या, तेलाचे ओढे वाहिले, आणि शेजाऱ्यांच्या नुकसानभरपाईत मालक खलास झाला. तोंडावर बसवलेल्या जाड लोखंडी पाट्या वाळूच्या माऱ्याने काही तासांत आरपार जात. विहिरीचं तोंड आधी तयार ठेवायचं, झडप आणि टाकी बसवल्याशिवाय शेवटचा थर फोडायचा नाही, हा धडा फार महागात मिळाला.

मग दुसरी उणीव: वाट. कॅस्पियनला बाहेर जायला तोंड नाही. जहाज व्होल्गातून उत्तरेला जाऊ शकतं, तेही नदी गोठलेली नसताना. आणि भरायचं कशात? अबशेरोनवर लाकूड नाही, म्हणून पिंप बाहेरून आणावं लागे, आणि पिंप आतल्या तेलापेक्षा महाग पडे. विहिरीपासून कारखान्यापर्यंत दोन चाकांच्या गाड्यांची रांग लागायची. या अडचणीतून अबशेरोनने तेलाच्या वाहतुकीची रीतच बदलली. स्वीडिश उद्योजक घराण्यातला रॉबर्ट नोबेल १८७३ मध्ये बंदुकीच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचं लाकूड शोधत आला होता आणि लाकडासाठी आणलेल्या पैशातूनच त्याने कारखाना घेतला. त्याचा भाऊ लुडविग याने १८७८ मध्ये स्वीडनमध्ये ‘झोरोअॅस्टर’ हे लोखंडी टाक्यांचं तेलवाहू जहाज बांधून घेतलं. त्याच सुमारास बालाखानीहून किनाऱ्यापर्यंत नळ टाकला गेला आणि गाडीवाल्यांचा धंदा एका फटक्यात बसला. त्यांनी नळ फोडायचे प्रयत्न केले, म्हणून वाटेत पहारे बसवावे लागले. १८८३ मध्ये रेल्वे काळ्या समुद्रावरच्या बाटुमीपर्यंत पोचली, आणि १९०६ मध्ये त्याच वाटेने आठशे किलोमीटरहून लांब केरोसीनची पाइपलाइन पूर्ण झाली. बाटुमीहून पत्र्याच्या डब्यांत भरलेलं केरोसीन सुएझमार्गे हिंदुस्थानात येई. आपल्या आजी-पणजीच्या चिमणीत जळलेल्या रॉकेलमध्ये अबशेरोनचा वाटा होता.

पाइपलाइनने काय होतं हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. पुणे रस्त्यावर पाकणीला तेल कंपन्यांची टर्मिनलं आहेत, तिथे मुंबईच्या रिफायनरीतून पुण्यामार्गे नळाने पेट्रोल-डिझेल येतं आणि पुढे टँकर सुटतात. तेल कुठे निघतं यापेक्षा नळ कुठे संपतो यावर गावाचं महत्त्व ठरतं.

रिफायनरीचं गणितही इथलं वेगळं. पेनसिल्व्हेनियाच्या तेलातून तेव्हा साठ-सत्तर टक्के केरोसीन निघायचं, बाकूच्या जड तेलातून तीसच्या आसपास. उरलेला काळा दाट मझूत आधी जाळून टाकत किंवा समुद्रात सोडत. मग वाफेच्या फवाऱ्याने मझूताचे बारीक कण करून भट्टीत जाळणारा बर्नर आला, आणि टाकाऊ मझूत हे जहाजांचं आणि रेल्वे इंजिनांचं इंधन झालं. कारखाने शहराच्या पूर्वेला एकत्र हलवले होते. धुराने भिंती, झाडं, माणसांचे कपडे सगळं काळं, म्हणून त्या भागाचं नावच काळं शहर. २०१० नंतर तेच पाडून, माती बदलून पांढरं शहर नावाची वसाहत उभी राहते आहे.

आणि पाणी. लाखभर माणसांचं शहर झालं तरी बाकूत पिण्याचं पाणी विकत होतं. खाऱ्या चवीच्या विहिरी, जमिनीखाली पायऱ्या उतरून जायचं असे ओवदान (आपल्या बारवांचे भाऊबंद), जहाजाने आणलेलं नदीचं पाणी, समुद्राचं पाणी उकळून वाफेपासून केलेलं पाणी. नोबेलांनी काळ्या शहराच्या काठावर कर्मचाऱ्यांसाठी व्हिला पेट्रोलिया ही बाग उभारली, तिला माती आणली दक्षिणेकडच्या लंकारानहून, आणि पाणी आणलं व्होल्गातून परत येणाऱ्या तेलाच्या जहाजांतून. तेल घेऊन जायचं, रिकाम्या टाक्यांत गोडं पाणी भरून यायचं! हे एक वाक्य अबशेरोनचा सगळा भूगोल सांगतं.

कायमचा उपाय म्हणजे शोल्लार. विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने उत्तरेला काकेशसच्या पायथ्याचे झरे निवडले. तिथून बाकूपर्यंत सुमारे १९० किलोमीटरचा, बहुतेक उताराने वाहणारा बंदिस्त पाट बांधला गेला आणि १९१७ मध्ये पाणी शहरात आलं. हे काम व्हावं म्हणून मागे लागलेल्यांत हाजी झेनलाब्दिन तागियेव पुढे होता. मोच्याचा मुलगा, स्वतः गवंडीकाम केलेला; बीबी-हेयबतच्या जमिनीत तेल लागलं आणि गबर झाला. त्याने तेलाचा धंदा विकून कापडगिरणी काढली, मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून गिरण्यांच्या भोंग्यावर जगलेल्या आपल्या शहराला हा माणूस जवळचा वाटावा. पुढे १९५० च्या दशकात जेयरानबातान जलाशय झाला, तोही उत्तरेकडच्या समूर नदीच्या कालव्यावर भरणारा. म्हणजे चाळीसेक वर्षांनी उत्तर तेच: लांबून आणा.

जमिनीवरचं तेल हाताशी होतं तोवर समुद्र अडथळा होता, नंतर तोच तेलाचा धनी झाला. बीबी-हेयबतचा उपसागर भराव घालून बुजवण्याचं काम पावेल पोतोत्स्की या अभियंत्याकडे होतं. भर कामात त्याची दृष्टी गेली, तरी नकाशे मनात धरून तो काम चालवत राहिला आणि भराव टाकलेल्या जमिनीत तेल लागलं. त्याला तिथेच पुरलं आहे. मग १९४९ च्या नोव्हेंबरात, किनाऱ्यापासून दूर, पाण्यातून डोकावणाऱ्या काळ्या खडकांवर रोवलेल्या मनोऱ्याला सुमारे ११०० मीटर खोलीवर तेल लागलं. तिथे नेफ्त दाशलारी, म्हणजे तेलाचे खडक, हे खांबांवरचं गाव उभं राहिलं. सुरुवातीला आसऱ्यासाठी जुनी जहाजं बुडवून पाया केला, त्यांत नोबेलांचं ‘झोरोअॅस्टर’ही होतं. पोलादी खांबांवरचे रस्ते एकेकाळी दोनशे किलोमीटरहून जास्त होते, वर घरं, बेकरी, बाग. माती तिथेही जहाजानेच आणावी लागली.

खाऱ्या पाण्यात पोलाद सगळ्यांत लवकर कुठे सडतं? तळाशी नाही. लाटा जिथे आपटतात त्या पट्ट्यात, जिथे पोलाद आलटून पालटून भिजतं आणि वाळतं. रंग तिथेच आधी सुटतो, बोल्ट तिथेच झिजतात. म्हणून आज त्या रस्त्यांचे बरेच तुकडे कोसळले आहेत किंवा वापराबाहेर आहेत. आणि वारा. उत्तरेचा थंड खझरी आणि दक्षिणेचा उबदार गिलावार, या दोघांत अबशेरोनचं वर्ष वाटलेलं असतं. खझरी दोन-तीन दिवस सलग घोंघावतो. १९५७ च्या नोव्हेंबरातल्या अशाच वादळात, पहिली विहीर खणणारा मिखाईल कावेरोच्किन साथीदारांसह समुद्रात गेला. २०१५ च्या डिसेंबरात गुनेशली या समुद्रातल्या तेलक्षेत्रातल्या १० क्रमांकाच्या प्लॅटफॉर्मवर वादळात वायूचा उभा नळ तुटला, आग लागली आणि बचावनौकेत बसलेली बरीच माणसंही वाचली नाहीत. वाऱ्याचं शहर हे बाकूचं बिरुद पोस्टकार्डावर छान दिसतं. तेलकामगाराच्या घरात त्याचा अर्थ वेगळा आहे.

१९९४ च्या करारानंतर समुद्रातल्या मोठ्या तेलक्षेत्रात परदेशी कंपन्या आल्या, २००६ पासून १७६८ किलोमीटरची पाइपलाइन बाकूजवळच्या सांगाचालहून तुर्कीच्या जेहानपर्यंत तेल नेते. आपल्या ओएनजीसी विदेशचाही त्या क्षेत्रात आणि त्या पाइपलाइनमध्ये छोटा हिस्सा आहे. हा भाग बातम्यांत पुरेसा येतो.

बातम्यांत येत नाही ते बालाखानी-साबुंचीचं आजचं रूप. घरांच्या अंगणालगत मान हलवणारे पंप. मोटर, गिअरपेटी, कडीचं चाक, त्यावर डोलणारी तुळई, तुळईच्या घोडेतोंडाला टांगलेली सळ्यांची साखळी आणि शेकडो मीटर खाली दट्ट्या. दट्ट्यात एक झडप, नळीच्या तळाशी दुसरी. दट्ट्या वर गेला की खालची उघडते, खाली आला की वरची. बस, एवढंच. बिघाडही ठरलेले. वाळूने झडपेची गोळी आणि बैठक घासली की तेल परत खाली गळतं. वायू अडकला की दट्ट्या नुसताच दाबतो-सोडतो, उचलत नाही. मेण साचलं की सळ्या जड चालतात. शंभर वर्षं उपसलेल्या अशा विहिरीतून दिवसाला जेमतेम टन-दोन टन तेल येतं आणि त्याच्या कितीतरी पट खारं पाणी. ते पाणी वर्षानुवर्षं खोलगट जागी सोडलं गेलं, म्हणून वस्तीमध्ये तेलाच्या तवंगाची तळी दिसतात. त्याच पाण्यातून आयोडीन काढणारे कारखाने रमना आणि सुराखानीला होते. त्यात वापरलेला कोळसा पाण्यातली किरणोत्सारी द्रव्यं शोषून बसला आणि उघड्यावर पडून राहिला. तो उचलायला २००० नंतरची वर्षं उजाडावी लागली. तेलाचा नफा मोजताना हा कोळसा कुणी मोजला नव्हता, आणि शेजारी राहणाऱ्यांनी त्याची किंमत भरली.

तरी अबशेरोन म्हणजे नुसता तेलाचा डाग नाही. उत्तर किनाऱ्यावर मर्दाकान, बुझोव्ना, नार्दारान, बिलगा ही गावं वाळूत बागा करतात. अंजीर, बदाम, केशर, आणि शानी जातीची काळी-पांढरी द्राक्षं. आपल्याकडे पंढरपूर-मोहोळच्या बागेत वेल मांडवावर चढतो. इथे वेल वाळूवरच पसरू देतात. कारण दोन: वर बांधलेला वेल खझरीने फाटतो, आणि वाळूच्या खोल थरात ओल टिकते तिथे मुळं स्वतःहून पोचतात. पाणी कमी, म्हणून गोडी दाट.

जायचं असेल तर ई-व्हिसा साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत मिळतो. आतेशगाह आणि यानार दाग दोन्हीकडे कोरोग्लू मेट्रो स्टेशनपासून बस जाते. आतेशगाह सकाळी पाहावं म्हणजे शिलालेखांवर तिरपा उजेड पडतो आणि अक्षरं उठून दिसतात, यानार दाग अंधार पडताना. वाटेत बालाखानीला उतरून पायी फिरा. नोव्हेंबर ते मार्च वारा रोखणारं जाकीट लागतंच, तापमान बघून फसू नका. जुन्या विहिरींच्या आवारात काडी ओढू नये, आणि तवंगाच्या तळ्याच्या काठावरची कोरडी दिसणारी पपडी पायाला आधार देत नाही.

समुद्राकडेही नीट पाहा, कारण तो मागे सरतो आहे. कॅस्पियन १९७७ मध्ये उणे २९ मीटरपर्यंत उतरला होता, १९९५ पर्यंत अडीच मीटरच्या आसपास चढला, आणि तेव्हापासून घसरत आता १९७७ च्या खूणपट्टीखाली गेला आहे. त्याचं बहुतेक पाणी व्होल्गाचं, आणि वाढत्या उष्णतेने बाष्पीभवन वाढतं आहे. द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूच्या दुबेंदीच्या तेलधक्क्यापाशी जहाजं टेकू नयेत म्हणून तळ उकरावा लागतो, तरी टँकर पूर्ण भरता येत नाहीत. किनाऱ्याजवळ एकेकाळी पाण्यात उभे असलेले खांब आता ओल्या वाळूत उभे आहेत, आणि लाटांनी खाल्लेला गंजाचा पट्टा माणसाच्या डोक्याच्या वर दिसतो.